इंदुताईंच्या वाचनाला ठेवलेली नावं

सन्माननीय अध्यक्ष बापूजी, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल आणि आजच्या सत्कारमूर्ती इंदुताई, आणि पांढरकवड्याच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी डोंगरसिंग, शेजारच्या तांड्यावरचा निवृत्त मास्तर. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून मी पुस्तकं कानानं वाचतो, आणि ती बहुतेक इंदुताईंनी मोबाइलवर वाचून पाठवलेली. आज त्या निवृत्त होत आहेत. सोमवारी नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. गाठीबरोबर आवाजही जाणार. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, पण माइकवर कोणी बोललं नाही, म्हणून मी बोललो.

संयोजकांनी मला ताईंच्या वाचनाविषयी चार गोड शब्द बोलायला सांगितलं. गोड कुठून आणू? आमचं नातं तक्रारीचं. रोज सकाळी मी फोन करून आदल्या दिवशीच्या वाचनाला नावं ठेवायची आणि ताईंनी "बरं गुरुजी" म्हणायचं.

ताई विनोद वाचण्याआधीच हसत. त्यांचं हसू आवरेपर्यंत विनोद विझलेला असे. दुःखाचा प्रसंग आला की बस चुकेल अशा घाईनं वाचत. एका कादंबरीत नायकाची आई शेवटचं पाणी मागते, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या आणि ताईंची लेकीला हाक, "सुरभी, गॅस बंद कर वं." मी खूप हसलो, मग त्या माउलीचं वाईट वाटलं. हायवेवरचा ट्रक तर प्रत्येक पुस्तकात एक पात्र होताच.

माझ्या कुरकुरीला कंटाळून मुलगा प्रेमनं मला शहरात तयार झालेली, विकतची ऑडिओबुकं लावून दिली. काय सांगू? एका नटानं मरणाचा प्रसंग इतके हुंदके देत वाचला, की ऐकणाऱ्याला रडायला जागाच उरली नाही. दुसरं पुस्तक यंत्रानं वाचलेलं. बाप गेला ते आणि पानाचा क्रमांक, दोन्ही एकाच सुरात. तिसरं आमच्या तांड्यावरचं. आमच्यात सासरी निघालेली मुलगी माहेरच्यांच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. गाणं कसलं, ते रडणंच. तिथं त्यांनी ढोलकी आणि टाळ्या घातल्या होत्या. माझी पत्नी रुपीबाई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली, म्हणाली, "हे पोरगी नांदाले चालली का नाचाले?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली.

ताईंना हे सांगितलं तर त्या तांड्यावर आल्या. रुपीबाईजवळ बसून त्यांनी ढावलो ऐकला आणि तेच प्रकरण वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज फाटला. त्या रेकॉर्डिंगमध्ये रुपीबाई म्हणते, "राहू द्या ताई, काहून एवढं जीवाले लावून घेता?" त्या एका वाचनाला मी कधी नाव ठेवलं नाही. आवाज रडण्यानं फाटला असं आम्ही समजलो होतो. दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बापूजी मघाशी म्हणाले, राहिलेली पुस्तकं कॉम्प्युटरच्या आवाजात भरून घेऊ. हेतू चांगला आहे, ऐकीनही मी. पण सकाळी फोन कोणाला करू? यंत्राला नावं ठेवून काय मिळतं?

डॉक्टरांनी ताईंना आतापासूनच बोलायची मनाई केली आहे. तुम्हा डोळसांचं ठीक आहे. त्या हसल्या, मान हलवली, तुम्हाला दिसतं. मी मघापासून इथं आहे, आणि ताई कुठं बसल्या आहेत, आल्या तरी आहेत की नाही, मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही माझं ऐकून घेतलंत, उपकार आहेत. सत्काराच्या दिवशी नावं ठेवत बसलो, तेवढं म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. ताई, मी आता जागेवर बसतो. माझ्याजवळ या आणि हात धरा. यापुढं तुम्ही आल्या हे मले तेवढ्यानंच कळन.