ट्रेलरमध्ये मारलेला सुभेदार

अरे, ते आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. उंब्रजला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावावर, निवृत्त सुभेदारावर, मी पुस्तक लिहिलं. सांगलीच्या प्रकाशकानं मला न दाखवताच त्याचा ट्रेलर मोबाइलवर सोडला. त्यात दादाच्या फोटोला हार आणि मागं रडकं संगीत!

फलटणची आमची बहीण तो बघून रडतच उंब्रजला आली. दारात दादाच उभा दिसला, तशी ती चक्कर येऊन पडली.

मी तेव्हा दादाकडंच होतो, तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. "जिवंत माणसाला मारलंत तुम्ही!"

"अहो सर, पण किती लोकांनी बघितलंय!"

दादानं फोन हिसकावला. "ती फिल्लम आत्ताच्या आत्ता काढ आन् हितं येऊन माझ्या बहिणीची माफी माग. न्हाईतर मी सांगलीला येतो. जित्ता!"