सातव्या गाण्याबद्दल मेश्रामांचं मत

...नाही पण मी म्हणतो, विचारलं होतं का कुणी? सकाळचे सहा वाजलेत, माणूस दुधाची पिशवी आणायला खाली उतरलाय, तोंडसुद्धा धुतलेलं नाही, आणि समोर सोसायटीच्या बाकावर इअरफोन लावून कोण बसलंय? रामदास मेश्राम! तुम्हाला सांगतो, शुक्रवारी मी मागच्या फाटकानं जायचो दुधाला. कारण शुक्रवारी नवी गाणी येतात. अख्ख्या जगाची गाणी म्हणे शुक्रवारीच येतात, आणि ती सगळी आमच्या वारज्यात या एका बाकावर येऊन उतरतात. मागच्या फाटकानं गेलो तरी हा माणूस एक कान मोकळा करून तिथून ओरडणार, "अहो पानसे! खरं सांगू?"

नको ना! पण 'नको' म्हणायला वेळ देतील तर ते मेश्राम कसले?

भंडाऱ्याकडचा माणूस. सरकारी नोकरीत पुण्याला आला, पस्तीस वर्षं फायली सरकवल्या, निवृत्त झाला. आता या वयात माणसानं काय ऐकावं? जुनी गाणी ऐकावीत, डोळे मिटावेत, 'आता तसं काही राहिलं नाही' म्हणावं... आम्ही सगळे तेच करतो. हे नाही! "जुनं ऐकून झालंय हो माझं. आज काय आलं ते बोला." आणि मग सुरू. 'कोपरा' नावाचा कुठला तरी बँड, कोथरूडची चार पोरं, त्यांचा नवा अल्बम. "खरं सांगू पानसे? गाणारी पोरगी अशी कुजबुजते, जणू शेजारी बाळ झोपलंय. अरे, उठू दे की बाळ! दुःख झालंय ना तुला? मग जरा मोठ्यानं हो!" मग दुसरं एक, प्रेमभंगाचं, एक मिनिट पन्नास सेकंदांचं. "एवढ्या वेळात तर लिफ्ट येत नाही आपली, यांचा प्रेमभंग आटोपला!" मग मशीननं बनवलेलं एक गाणं, ते म्हणे वीस लाख लोकांनी ऐकलं. त्यावर मत काय? "कणीक आहे, पोळी नाही."

आणि कौतुक करणार कुणाचं? मार्केट यार्डात हमाली करणारा कोणी पोपट, तो रॅप करतो, मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकतो. मागे टेम्पोचा हॉर्न वाजतोय, कोणी तरी शिवी देतंय, आणि हा गातोय. मेश्राम डोळे पुसत मला म्हणाले, "खरं सांगू? या पोरानं गोण्या उचलल्यात हो. श्वास कुठे घ्यायचा ते याला कळतं." आता मला सांगा, दूध घेऊन उभा आहे मी! दूध!

तर असा हा माणूस. खऱ्याशिवाय बोलणं नाही. वहिनींनी, म्हणजे हिराबाईंनी, एकदा भिशीत दोन ओळी म्हटल्या, तर घरी आल्यावर यांनी त्यांनाही खरं सांगितलं. चार दिवस दोन्ही वेळ खिचडी होती.

पण याचं खरं ऐकून घेणारा, आणि वरून याला उलटं खरं सुनावणारा, एकच माणूस होता. संतोष कानडे. ऑफिसातला शेजारच्या टेबलाचा. कर्वेनगरला राहायचा. अस्सल पुणेरी. मेश्रामांनी तासभर एखाद्या गाण्याची तारीफ करावी आणि कानड्यांनी फक्त म्हणावं, "बरं. संपलं?" तीस वर्षं! आधी कॅसेटी, मग सीड्या, मग फोन. डब्बा खाताना एक इअरफोन याच्या कानात, एक त्याच्या. निवृत्तीनंतर व्हॉट्सॲपवर. मेश्राम शुक्रवारी लिंक पाठवणार, कानडे रविवारपर्यंत व्हॉइस मेसेज पाठवणार. पाच पाच मिनिटांचे! त्यात चार मिनिटं शिव्या.

मागच्या पावसाळ्याच्या सुमाराला कानड्यांना फुप्फुसाचं दुखणं निघालं. ॲडमिट केलं. पहिला आठवडा मेश्राम रोज गेले. फोन, इअरफोन, सगळं घेऊन. मग एके दिवशी हे खोलीत शिरले, तर कानड्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि बोलायला गेले तर आवाज... तो आवाज नव्हताच म्हणे. कोणी तरी दुसरंच आतून बोलत होतं. मेश्राम पाच मिनिटं बसले, "येतो उद्या" म्हणाले आणि निघाले.

उद्या गेले नाहीत. परवा गेले नाहीत. नऊ दिवस गेले नाहीत! हे मला तेव्हा माहीत नव्हतं हं, कोणालाच नव्हतं. घरून निघायचे, वहिनींना वाटायचं दवाखान्यात गेले. हे आपले वारज्याच्या पुलाखालच्या बसस्टॉपवर दोन तास बसून परत. जगातल्या कुठल्याही गायकाला तोंडावर खरं सांगणारा माणूस... आणि तिथून कानड्यांना पाठवत काय होते? लिंका! 'हे ऐक.' 'यातला तबला ऐक.' 'हे आवडेल तुला.'

त्यातल्या सातव्या दिवशी, बुधवारी, कानड्यांचा व्हॉइस मेसेज आला. एक मिनिट बारा सेकंदांचा. मेश्रामांचा अंगठा त्याच्यावर गेला आणि थांबला. तो आवाज पुन्हा ऐकायचा? नाहीच झालं त्यांच्याच्यानं. न ऐकताच त्यांनी उत्तर पाठवलं, आणखी एक लिंक. खाली लिहिलं, 'तिसऱ्या मिनिटानंतर मजा आहे.'

शनिवारी सकाळी कानडे गेले.

आणि तो मेसेज तसाच. आठ महिने! डिलीट करवत नाही, ऐकवत नाही. शुक्रवारचा बाक मात्र चालू. 'अहो पानसे, खरं सांगू?' चालू! मी आपला वैतागतोय... मला काय माहीत?

तर मागच्या महिन्यात कानड्यांच्या मुलीचा फोन आला. उत्कर्षा. सव्वीस-सत्तावीसची असेल, हिंजवडीला आयटीत आहे आणि गाणी करते. तिचा पहिला अल्बम यायचा होता. नाव 'लास्ट सीन'. बाबांवर आहे म्हणाली. बाहेर काढायच्या आधी ओळखीच्या लोकांना ऐकवायचा, रविवारी सकाळी, कर्वेनगरला एका छोट्या हॉलमध्ये. "काका, तुम्ही यायचंच. तुमचं खरं मत हवंय मला." मेश्राम मला म्हणाले, "पानसे, तुम्ही चला बरोबर." मी म्हटलं मला काय कळतं त्यातलं? तर म्हणाले, "कळायला नको, फक्त चला." चेहरा बघून गेलो.

तीस-चाळीस माणसं. सतरंज्या. निम्मी पोरं अनवाणी, का ते कळलं नाही. दोन मोठे स्पीकर. पोरगी उठली, म्हणाली, "सात गाणी आहेत, मध्ये बोलू नका प्लीज." अहो, कोण बोलणार? पहिलं गाणं धूसर, दुसरं त्याहून धूसर, तिसऱ्यात शब्दच कळेनात. मी मेश्रामांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस इथे खरं बोलणार आणि आपल्याला सतरंजीसकट बाहेर काढणार! चौथं बरं होतं. पाचव्याला माझा पाय झोपला. सहाव्याला मीच अर्धा झोपलो.

सातवं सुरू झालं. नुसता एक बारीक सूर. आणि त्यावर एकदम माणसाचा आवाज. घोगरा, तुटका, मध्ये श्वास घेतोय...

"रामदास... तुझी ती गाणी ऐकली मी. बकवास आहेत. ... बरं, ते जाऊ दे. तू येत का नाहीस रे? उत्कर्षासमोर बोलता येत नाही. मला... मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. गाणी नको पाठवूस आता. तूच ये."

तुम्हाला सांगतो, माझी झोप... सगळी झोप उडाली. शेजारी मेश्राम. काही हलेना त्यांचं. हात गुडघ्यावर होते ते तसेच. पुढे मागे लोक रडायला लागले, त्या अनवाणी पोरांतली एक तर हुंदके देत होती, त्यांना काय माहीत रामदास कोण! त्यांना वाटलं असेल, असेल कोणी गावाकडचा. आणि तो रामदास त्यांच्यात, तिसऱ्या सतरंजीवर, मांडी घालून, पहिल्यांदा तो मेसेज ऐकत होता.

संपलं. टाळ्या. समोसे आले. अशा वेळी समोसे का असतात हो? मी म्हटलं, "मेश्राम, चला निघू." तोवर उत्कर्षा आलीच समोर. "काका. खरं सांगा. कसं झालंय?"

मेश्राम उभे राहिले. आणि काय बोलावं त्यांनी? "तिसऱ्यात शब्द कळत नाहीत. सहावं लांबलंय. सातव्यात... सातव्यात तू त्याचा आवाज सुरात बसवलायस. वर घुमारा टाकलायस. संतोष जन्मात कधी सुरात नव्हता, बेटा. काढून टाक ते सगळं."

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं!

ती म्हणाली, "काका, मला खरंतर तुमचं मत नको होतं. बाबांच्या फोनवर दिसतं, समोरच्यानं मेसेज ऐकला की माइक निळा होतो. हा राखाडीच राहिला. रोज बघत होते मी. तुम्ही ते ऐकायला हवं होतं, एवढंच."

"ऐकलं," मेश्राम म्हणाले.

"का नाही आलात?"

आता इतका वेळ प्रमाण मराठी बोलणारा माणूस, पस्तीस वर्षं पुण्यात मुरलेला, त्याच्या तोंडून एकदम भंडारा बाहेर पडला. "भेलो ना वो मी. भेलो. काहून भेलो ते मले बी नाही समजलं."

पोरगी 'असू दे काका' म्हणाली नाही, पाया पडली नाही, मिठी मारली नाही. सिनेमात असतं तसं काही नाही. "समोसा घ्या," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

रिक्षात त्यांनी मला सगळं सांगितलं. बसस्टॉप, नऊ दिवस, अंगठा. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "अहो, माणूस घाबरतो हो." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तोही तेच म्हणत होता, पानसे. मी ऐकायला पाहिजे होतं."

मी मीटरकडे बघत बसलो.

अल्बम पुढच्या शुक्रवारी आला. त्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या फाटकानं गेलो. मेश्राम बाकावर होते. मी थांबलो, पिशवी खाली ठेवली, म्हटलं, "बोला. खरं सांगा." त्यांनी एक इअरफोन माझ्या हातात दिला. सातवं गाणं. घुमारा काढला होता पोरीनं. तो सूरही काढला होता. नुसते कानडे. खोकत, थांबत, बेसूर. तिनं कळवलं नव्हतं की तुमचं ऐकलं म्हणून. फोन नाही, मेसेज नाही. तिसरं आणि सहावं मात्र होतं तसंच ठेवलं होतं! बापावर गेलीय.

आता रोज सकाळी ऐकतात ते. मी म्हटलं, त्रास होत नाही? तर म्हणाले, होतो. वहिनी म्हणतात, माणूस अंथरुणात पडतो, पण रात्रभर डोळे उघडे. गोळ्या दिल्यात डॉक्टरांनी, उपयोग शून्य.

आणि परवा काय झालं, ऐका. त्या ॲपवर सातव्या गाण्याचा आकडा एकदम वाढला. शेकड्यांवरून थेट हजारांत! मला वाटलं, चला, पोरीचं नाव झालं. मेश्रामांनी शोधून काढलं, कुठून वाढला. तर ते ॲप आपलं आपणच गाणी निवडून याद्या करतं म्हणे. बारीक आवाज, संथ, मध्ये मध्ये श्वास... मशीनला काय कळणार, कोण बोलतंय आणि का? त्यानं कानड्यांना टाकलंय 'गाढ झोपेसाठी' नावाच्या यादीत! पावसाचे आवाज, समुद्राचे आवाज आणि मध्ये आमचे कानडे. हजारो लोक उशाशी लावून झोपतायत त्यांना!

मी संतापलो. म्हटलं, तक्रार करा, लिहा त्यांना, हे काय चाललंय? मेश्रामांनी फोन खिशात ठेवला. म्हणाले, "असू द्या हो पानसे. कोणाला तरी लागतेय ना झोप."