पोराला नाद हाय

नाद? हाय की. सरळ इचारलासा म्हणून सरळ सांगतो — आता बसा, लगीच उठू नका, मुरगुडासनं चौकशीला आलायसा, पोरगी द्यायची हाय, मग ऐकून तर जावा. पोराच्या आईनं मला सकाळीच बजावलंतं, पिराजीमामा, पावणं आलं की तालमीच्या कट्ट्यावर पयलं तुमालाच गाठणार, तवा तोंड आवरा, म्हणायचं पोरगा निर्व्यसनी हाय, कसला नाद न्हाय. मी म्हटलं बरं. आता दारू पीत न्हाय, तंबाखू न्हाय, पत्त्यांत बसत न्हाय — ते खरंच हाय, माझ्या शेजारच्या दारात वाढलाय, मला ठावं न्हाय व्हय? पण नाद न्हाय हे कसं म्हणू? विश्वजितला फेट्याचा नाद हाय. फेटा वो, डोस्क्याला बांधत्यात त्यो. हसतासा? हसा की. मीबी हसलतो.

चांगली नोकरी हुती एमआयडीसीत, कायम झालता, ती सोडली आणि लगनातनं लोकांची डोस्की बांधत फिराय लागला. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. सगळी पेठ हसली, आणि सगळ्यात मोठ्यांदा कोण — मीच. म्हटलं, कापाड गुंडाळून पोट भरलं असतं तर कापडदुकानातली पोरं आज राजं झाली असती. काय म्हटलासा? पॅशन? तुमच्या मुरगुडातबी आलं व्हय ते याड? आमच्याकडं आलतं की, ह्याच तालमीच्या हालमधी. एक कोटवाला माईक हातात धरून घसा बसंस्तवर वरडत हुता, पॅशन शोधा, पॅशन शोधा. अरं बाबा, शोधाय काय म्हस हरवलीया? तवापासनं निम्मी पोरं शोधत्यात — हितंच, कट्ट्यावर बसून, मोबाईलमधी. एक फोटू काढाय लागलं, पाऊस लागला तसं कंटाळलं. मग म्हणं केक करतो. मग म्हणं जिम काढतो. त्येला नाद म्हणायचं? पंगतीतनं कुत्रं फिरतंय तसलं ते, हिकडं जरा तोंड लाव, तिकडं जरा तोंड लाव. नाद शोधून घावत न्हाय पावणं. नाद लागतो. खरूज लागती तसा. मग कोण हसू दे, कोण मारू दे, खाजवल्याबगार झोप न्हाय.

तर ह्येला तशी लागली. आदी मडक्यावर बांधायचा. आता मडकं काय सांगतंय, घट्ट झाला का सैल झाला? मग आला माझ्याकडं, मामा जरा डोस्कं देता का. म्हटलं ने, न्हाईतरी त्यात दुसरं काय न्हाय. तवाधरनं रोज सकाळी मी ह्येच्याम्होरं पाटावर. कवा कान आत दाबतोय, कवा डोळ्यावर पट्टी आणतोय — एकदा एवढा आवळला की मला तिथंच अंबाबाई दिसली. व्हय, ह्यो माझ्या डोस्क्यावरचा त्येचाच. सकाळचा हाय, हललाय का बगा. तुरा बगा कसा हुबा हाय, कोंबडा लाजंल. नको नको, हात लावू नका. बगा म्हटलं की बगायचं.

मी त्येला शाना हो म्हटलं, तयार फेटं शिवून घे, टोपीगत घालायचं टोपीगत काढायचं, लगनसराईत ढिगानं खपतंय. माझ्याकडं असं बगितलं, जसं काय मी त्येच्या आईला शिवी दिली. मुडदा. म्हणतोय, मामा, दोन डोस्की एकसारखी नसत्यात. आता हे काय धंद्याचं बोलणं हाय? पण एक सांगतो, कुणाला सांगू नका. कंपनीत हुता तवा ह्यो पोरगा मुका हुता. यायचा, जेवायचा, भिताडाकडं तोंड करून पडायचा. आई म्हणायची थकतोय. थकत न्हवता, दिव्यागत इझत हुता. आणि आता? परक्याच्या कपाळाला हात लावायचा, तोंडाम्होरं तोंड न्यायचं, मुकं राहून कसं चालंल? नवरदेवाचा बाप असू दे न्हाईतर पुढारी असू दे, पेठेत छाती काढून चालणारा — ह्येच्याम्होरं आला की मान खाली. आणि ह्यो दटावतोय, मान हलवू नका. ह्यो! ज्येला दुकानात साखर मागताना घाम फुटायचा. पहाटं उठतोय, कापडं भिजवतोय, पिळतोय, गच्चीवर पसरतोय, आणि शीळ घालतोय. बेसूर घालतोय. माझी झोपमोड हुती, पण गप म्हणवत न्हाय.

तुमी म्हणशिला म्हाताऱ्याला नादातलं काय कळतंय. काय कळत न्हाय. मला कसलाच नाद न्हवता. सूतगिरणीत हुतो. माझ्या लग्नाच्या येळंला असाच एक पावणा आलता, टोपी घालून, तुमच्यागत पाय जुळवून बसलाता. सगळी पेठ एका तोंडानं म्हणाली, पिराजी? देवमाणूस, कसला नाद न्हाय. झालं, लगीच पोरगी दिली. अंबूबाई. मी कामावरनं यायचो, बसायचो. ती इचारायची आज काय झालं, मी म्हणायचो काय न्हाय. आणि खरंच काय झालेलं नसायचं, वो. सिनेमाला चला म्हणायची, म्हणायचो कशाला. शेवटाला दवाखान्यात हुती तवा म्हणाली, "तुमी दारू जरी प्याला असता, तरी भांडाय काय तर मिळालं असतं." हसून म्हणाली. पण म्हणाली. देवमाणूस — देवागतच बसलो की, जाग्यावर — आता हे मी तुमास्नी कशाला सांगाय लागलोय. सोडा. चुना हाय का तुमच्याजवळ? नसू दे.

पोरीचं बोला. तिला काय नाद हाय? कसलाच न्हाय म्हणतासा? शिकलीया, सैपाक येतोय, साधी हाय, वर मान करून बोलत न्हाय. हां. ते सगळ्याच पोरींचं सांगत्यात. दुसरं? बोला की, टोपी काढून हातात काय फिरवतासा. ट्रॅक्टर? पोरगी ट्रॅक्टर चालवायची? नांगरट सोत्ता? आणि उसाची भरलेली ट्राली उलटी मागं घ्यायची — जिथं गड्यांची फाटती तिथं? आणि हे सोडून मघापासनं सैपाक येतोय म्हणून सांगतासा? थांबा. चालवायची म्हंजे? आता चालवत न्हाय. बंद केलंय. का? रंग. उन्हानं रंग जातोय, म्हणून लगीन ठरंस्तवर सावलीत ठेवलीया.

पावणं, पोरगी हाय का कांदं हायती, सावलीत पसराय?

मग आता ट्रॅक्टरवर कोण? गडी. आणि ही दिसभर घरात. काय करती? आं? गड्यानं गिअर खरखरवला की ताटावरनं उठून दारात येती. येऊन हुबी ऱ्हाती, परत जाऊन बसती, आणि मग जेवत न्हाय. आणि तुमी मला इचारतासा पोराला काय नाद हाय का. डोस्कं तुमास्नी कशाला दिलंय, टोपी अडकवाय?

आता ऐका. आज विश्वजितच्या घरात पाऊल टाकायचं न्हाय. त्येच्या आईनं पोहं केल्यात, करू देत, पोहं मी खातो आणि वर तिच्या शिव्याबी मीच खातो. तुमी आल्या वाटनं मुरगूडला जावा आणि पोरीच्या हातात किल्ली द्या. करपू दे चांगली. मग तिला घिऊन या, न्हाईतर तुमी ऱ्हावा घरात, तिला पाठवा. ती त्येला इचारंल, त्यो तिला इचारंल, आपुन दोघं कोण? आणि तशीच सावलीतली आणलासा, तर मी ह्याच कट्ट्यावर बसून सांगणार, पोरीला नाद न्हाय, आमाला चालायची न्हाय. माझा काय अधिकार? काय न्हाय. शेजारी हाय. उठा. टोपी घाला. मोटरसायकल हाय न्हवं? मग बगतासा काय माझ्याकडं, ऊन हाय तवर पोचा.