म्हशीचं माळवद

माझं लग्न जुळलं ते म्हशीमुळं. हसू नका, आधी ऐका.

मोठा दुष्काळ सरला आणि आमच्या येडशीला दूध सोसायटी निघाली. त्याच सुमारास दादांनी, म्हणजे वडिलांनी, जुनं मातीचं घर पाडून पत्र्याचं बांधलं. तेव्हा पत्रे म्हणजे मोठेपणा. आई म्हणाली, "पत्र्याखाली माणूस भाजंल." दादांनी ऐकलं नाही. मग आईनं पाडलेल्या घराच्या तुळया आणि पांढरी माती वापरून गोठ्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, घालून घेतलं. "म्हशीला ऊन लागलं तर दूध आटंल," एवढंच म्हणाली. दुधाचा विषय निघाल्यावर दादांनीच तुळया वर चढवून दिल्या.

चैत्रात सोनारीहून मुलीकडचे घर बघायला आले. दादांनी त्यांना कौतुकानं पत्र्याखाली बसवलं. चहा येईपर्यंत मुलीच्या वडिलांचा सदरा अंगाला चिकटला. वर बघत ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी दुपारचं कुठं निजता?"

दादांच्या आधी आई उंबऱ्यातनं म्हणाली, "गोठ्यात. लई गार असतंय."

सगळेच उठून गोठ्यात गेले. म्हशीशेजारी घोंगडं अंथरलं आणि सुपारी तिथंच फुटली. "मुक्या जनावराला एवढं जपत्यात, माझ्या लेकीलाबी जपतील," सासरे म्हणाले.

आता धाराशिवात आमचं स्लॅबचं घर आहे. मे महिन्यात पंखा गरम वारा फेकायला लागला की बायको हमखास म्हणते, "माझ्या बापानं म्हशीचं घर बघून मला दिली होती. तुमचं न्हाय."