आमच्या बास्केटबॉलात शिरलेला खो-खो

सांगते काय, मी पास दिला आणि आमच्याच टीममधली नवी मनीषा चेंडू धरायचा सोडून पटकन बाजूला सरकली, तेव्हाच मी ओळखलं, आपलं काही खरं नाही.

आमच्या कॉलेजच्या टीमला आजवर एकच खेळ येत होता. आम्ही चेंडू उंच फेकायचो आणि सहा फुटांना टेकलेली सुनंदा तो वरच्या वर झेलून बास्केटमध्ये टाकायची. पण सुनंदाचं लग्न झालं, ती लोहाऱ्याला गेली, आणखी दोघींनी खेळ सोडला, आणि सरांनी तिघींच्या जागी खो-खोच्या पोरी घेतल्या.

"लई चपळ हायत. आता आपला खेळ वेगाचा," सर म्हणाले.

वेग होता हो! पण कुणी अंगावर आलं की तिघीही चेंडू टाकून अशी झकास हूल द्यायच्या की विचारू नका.

"अगं, चेंडू का सोडलास?" मी रडकुंडीला येऊन मनीषाला विचारलं.

"ताई, ती मला शिवायला आलती की!"

सामना दुसऱ्याच दिवशी. हरलो तर मुलींची टीम बंद, असं प्राचार्यांनी आधीच सांगितलेलं. मी तर शिट्टी वाजली तरी दचकत होते. सुनंदाचं नाव अजून कॉलेजात होतं, म्हणून एका सामन्यापुरती तरी ये म्हणायला तिला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी उचलला तो तिच्या सासूबाईंनी.

"सुनंदा आहे का हो?"

"हाय की. वरच्या फळीवरले डबे उतरवायलीय. स्टूल लागत न्हाय बघा, लई सोय झाली आमची."