हनुवटीवरचा तीळ

पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये रोहिणी दाखल्यासाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढ्यात खुर्चीवर बसलेल्या बायजाबाईंचा मुलगा मिथुन तीन दिवसांपूर्वी धरमतरच्या खाडीत बार्जवर कामाला गेला, तो परतलाच नव्हता. बेपत्ता माणसांच्या साइटवर त्याचा फोटो कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरीकडून टाकून घ्यायचा होता.

"मावशी, तुमचा फोटो पीएनजी हाय. साइट घेत नाय. जेपीजीच लागतो, तोपण वीस केबीच्या आत."

"तुला कळतंय तसं कर गो. फक्त हनुवटीवरचा तीळ दिसला पायजे."

"घ्या, झाला अपलोड."

"अगो, तीळ कुठं गेला?"

"साइज एवढी कमी केली की फोटो फाटतो, मावशी. बारीक खुणा जातात."

"मग लोक ओळखतील कसं त्याला?"

"खाली लिहिते ना, 'हनुवटीवर तीळ'. मावशी... खाडीत सापडलेल्यांचे फोटोपण हायेत हितं. काल एक आलाय. बघता?"

"दाखव."

"हा."

"शर्ट तसाच हाय. निळ्या चौकडीचा."

"मावशी, पाणी देऊ?"

"असले शर्ट बाजारात ढिगानं मिळतात. हनुवटी मोठी कर. अजून कर. हाय काय तीळ?"

"नाय दिसत."

"मग माझा नाय तो. चल, येते गो. भात टाकायचाय, त्याला गार चालत नाय."

रोहिणीचा नंबर आला. पोरीने खाडीतला तो फोटो अजून बंद केला नव्हता. खाली बारीक अक्षरांत होतं : जेपीजी, अठरा केबी.