पहिला बाक

"माझ्या अंत्यविधीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बस, विल्फ. आणि माझा गुलाबी रुमाल गळ्यात बांध. वचन दे," क्लॅरन्स म्हणाला होता.

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या बसथांब्यावर विल्फ काळ्या कोटात उभा होता. रुमाल खिशातच होता. मागे दोघी बोलत होत्या.

"टीव्हीवर क्लॅरन्स कंबर काय मुरडायचा, बाई बाई! हसता हसता माझा चहा सांडायचा."

"आज रडायला कोण गं त्याला? ना बायको, ना मूल."

"त्याचे झगमगते कोट शिवणारा होता ना एक? जन्मभर एका घरात राहिले."

"नोकर तो! क्लॅरन्सची बहीण म्हणाली, त्याला मागे बसवू. पहिला बाक घरच्यांचा."

"बहीण कधी फिरकली होती?"

बस आली. विल्फने रुमाल काढला, गळ्यात नीट बांधला.

"चर्चपाशी सोडा," तो हळूच म्हणाला.